कैरोतली भाऊबंदकी आणि मुंबईतली कोर्टकचेरी

डोंगरी, भेंडीबाजार आणि माझगाव या दक्षिण-मध्य मुंबईतल्या वस्त्यांत खोजा आणि बोहरा या दोन व्यापारी जमाती पिढ्यानपिढ्या शेजारी राहत आल्या आहेत. दोघांची घरची बोली गुजराती किंवा कच्छी, दोघांचा पिढीजात धंदा व्यापार आणि दोघांची मुळे शिया पंथाच्या इस्माइली शाखेत. तरीही धर्मगुरू वेगळे, प्रार्थनेची जागा वेगळी, दफनभूमी वेगळी. ही फूट मुंबईत पडलेली नाही. इ.स. १०९४ मध्ये कैरोच्या एका राजघराण्यात दोन भावांचे गादीवरून भांडण झाले, तिथे ती पडली. पुढच्या नऊ शतकांत तिला नवे फाटे फुटत गेले, आणि त्यांतले महत्त्वाचे फाटे मुंबईच्या न्यायालयात कागदोपत्री कायम झाले.

इजिप्तवर तेव्हा फातिमी खलिफांचे राज्य होते. ते एकाच वेळी राजे होते आणि इस्माइलींचे इमामही. इमाम हा प्रेषित मुहम्मदांचे जावई अली यांच्या वंशातला असावा लागतो आणि आधीच्या इमामाने त्याला हयातीत स्पष्टपणे नेमलेले असावे लागते. या नेमणुकीला ‘नस्स’ म्हणतात. नियम म्हणून तो अगदी साधा आहे. अडचण पुराव्याची. नेमणूक बापाच्या तोंडून होते, आणि बाप गेल्यावर तो काय बोलला होता हे सांगणारे उरतात मुलगे, भाऊ, वजीर आणि जनानखाना, म्हणजे ज्यांचा त्यात स्वार्थ आहे तेच. त्यामुळे या पंथात वारसाचा तंटा घराच्या उंबऱ्याआड राहू शकत नाही. गादी कोणाची हा प्रश्न खरा धर्म कोणता या प्रश्नाहून वेगळा काढता येत नाही, आणि हरलेल्या भावाचे पाठीराखे आपोआप वेगळा पंथ होतात.

खलिफा मुस्तन्सिर १०९४ मध्ये वारला. थोरला मुलगा निझार हाच वारस, अशी अनेकांची समजूत होती. पण वजीर अल-अफदल याने निझारचा धाकटा भाऊ मुस्तअली याला गादीवर बसवले. मुस्तअली वजिराचा मेहुणा होता, तेव्हा वजिराचा हिशेब उघड होता. निझार अलेक्झांड्रियाला पळाला, तिथे त्याने बंड केले, पकडला गेला आणि कैदेत संपला. इराणच्या डोंगराळ मुलुखात अलमूतचा किल्ला १०९० पासून इस्माइली पुढारी हसन सब्बाह याच्या ताब्यात होता. त्याने कैरोशी संबंध तोडून निझारचा पक्ष घेतला. तेव्हापासून इस्माइलींचे दोन तट झाले. मुस्तअलीच्या बाजूची परंपरा येमेनमार्गे गुजरातेत आली. तिचे अनुयायी म्हणजे बोहरा. निझारची परंपरा अलमूतमधून सिंध, कच्छ आणि काठेवाडात पोचली. तिचे अनुयायी खोजा.

अलमूतचे राज्य दीडशेहून अधिक वर्षे टिकले. ते मोडले मोंगलांनी. चंगेजखानाचा नातू मोंगके याने १२५१ मध्ये खानपद मिळवले आणि आपला भाऊ हुलागू याला पश्चिमेकडे धाडले. नोव्हेंबर १२५६ मध्ये तिथला इमाम रुक्नुद्दीन खुरशाह शरण आला, पाठोपाठ अलमूत पडले आणि पुढच्या वर्षी इमामाला मारण्यात आले. हुलागूबरोबर असलेला इतिहासकार जुवैनी याने अलमूतचा ग्रंथसंग्रह स्वतः चाळला, हवे ते ग्रंथ बाजूला काढले आणि उरलेले जाळायला दिले. १२५८ मध्ये हुलागूने बगदाद घेऊन अब्बासी खलिफालाही ठार केले.

दोन धर्मगाद्यांचा असा निकाल लावणाऱ्या मोंगलांचे स्वतःचे घर मात्र त्याच सुमारास फुटत होते. वडिलांनंतर कोण, याचा त्यांच्यात पक्का नियमच नव्हता. घराण्यातले लोक आणि सरदार कुरुलताई या सभेत जमत आणि जो जोरकस ठरे त्याला खान करत. मोंगकेने स्वतः सत्तेवर येताना चुलत घराण्यातल्या कितीतरी जणांना मारले होते. तो १२५९ मध्ये वारला तेव्हा कुबलाई आणि अरिक बोके हे त्याचे भाऊ एकमेकांवर उठले आणि ते युद्ध १२६४ पर्यंत चालले. पश्चिमेकडे १२६२ मध्ये हुलागू आणि त्याचा चुलतभाऊ बर्के यांच्यात कॉकेशसमध्ये लढाई जुंपली. बर्के मुसलमान झालेला होता. हुलागूचा कल बौद्ध धर्माकडे होता, त्याची पट्टराणी दोकुझ खातून नेस्टोरियन ख्रिस्ती होती. खलिफाच्या हत्येचा सूड हे कारण बर्केने पुढे केले आणि इजिप्तच्या मामलुक सुलतानाशी, म्हणजे मोंगलांच्या शत्रूशी, संधान बांधले. अझरबैजानची कुरणे आणि तिथला महसूल कोणाचा, हा वाद त्याच्या मुळाशी होताच. धर्म हे भांडणाचे कारण होते की निशाण, हे मोंगलांच्या बाबतीत ठरवणे अवघड नाही; पण एकदा निशाण उभारले की ते उतरवता येत नाही. १२९५ मध्ये हुलागूचा पणतू गाझान मुसलमान झाला, तरी दोन्ही घराण्यांचे वैर संपले नाही. एका साम्राज्याची चार राज्ये झाली होती आणि ती पुन्हा एक झाली नाहीत.

मोंगलांच्या हातून निसटलेला निझारी वंश इराणात वेष पालटून राहिला, पण घरचे भांडण त्याच्या मागे लागलेच. इमाम शम्सुद्दीन मुहम्मद चौदाव्या शतकाच्या आरंभी वारला आणि त्याच्या वंशजांत पुन्हा दोन शाखा झाल्या: मुहम्मदशाही आणि कासिमशाही. मराठी वाचकाला याचे विशेष वाटावे, कारण या दोन्ही शाखा शेवटी महाराष्ट्रात आल्या. एक नगरला आणि औरंगाबादला, दुसरी मुंबईला आणि पुण्याला.

मुहम्मदशाही शाखेचा इमाम शाह ताहिर हा मोठा विद्वान. इराणात सफवी दरबाराचा संशय वाढला तेव्हा तो जीव वाचवून समुद्रमार्गे दख्खनमध्ये आला, काही काळ परांड्याच्या किल्लेदाराकडे राहिला आणि १५२२ मध्ये बुऱ्हाण निजामशहाच्या बोलावण्यावरून अहमदनगरला गेला. बुऱ्हाणने त्याला सल्लागार केले, वकिलातीवर पाठवले. राजपुत्र अब्दुल कादिर मरणाच्या दारात असताना शाह ताहिरच्या सांगण्यावरून राजाने बारा इमामांच्या नावाने नवस बोलला आणि मुलगा बरा झाला, अशी हकिगत इतिहासकार फिरिश्ता देतो. १५३७ मध्ये बुऱ्हाणने शिया पंथ हा राज्याचा धर्म म्हणून जाहीर केला. यात एक गंमत आहे. शाह ताहिर स्वतः इस्माइली इमाम, पण त्याने उघडपणे शिकवला तो बारा इमामांना मानणारा इस्ना अशरी पंथ. धोक्याच्या वेळी खरी श्रद्धा लपवण्याची मुभा शिया परंपरेत आहे, तिला तकय्या म्हणतात. पुढे मुंबईच्या न्यायालयात याच तकय्याचा बराच खल झाला.

नगरच्या गादीला या धर्मांतराची किंमत मोजावी लागली. सुन्नी अंमलदार बिथरले, दख्खनी आणि परदेशी सरदारांच्या जुन्या वैराला पंथाचा रंग चढला. १५८८ मध्ये मीरान हुसेनने बाप मुर्तझा निजामशहाला मारले. वर्षभरातच तो स्वतः मारला गेला. मग जमालखान या सरदाराने इस्माईल नावाच्या अल्पवयीन राजपुत्राला गादीवर बसवून महदवी पंथ दरबारात आणला. इस्माईलचा बाप दुसरा बुऱ्हाण अकबराच्या आश्रयाला होता. तो पोराविरुद्ध चालून आला आणि १५९१ मध्ये रोहनखेडच्या लढाईनंतर गादीवर बसला. तोही १५९५ मध्ये वारला तेव्हा नगरात एकाच वेळी अनेक दावेदार होते आणि त्यांतल्याच एका गटाने मोगलांना बोलावणे धाडले. चांदबिबीने किल्ला लढवला, वऱ्हाड देऊन तह केला आणि १६०० मध्ये ती आपल्याच लोकांच्या हातून मारली गेली. निजामशाही बुडण्याची कारणे सांगताना मोगली फौजेचे बळ पहिल्यांदा सांगितले जाते. खरे तर मोगल येण्याआधीच दरबाराने आपले दरवाजे आतून उघडले होते.

शाह ताहिरचे वंशज पुढे औरंगाबादेत राहिले. सीरियातल्या त्यांच्या अनुयायांचा आपल्या इमामाशी शेवटचा संपर्क १७९६ मध्ये झाला. त्यानंतर निरोप येईनासा झाला. बरीच वर्षे शोध घेऊन थकल्यावर त्यांच्यातल्या बहुसंख्य लोकांनी १८८७ मध्ये दुसऱ्या शाखेच्या इमामाला मानले, आणि तो इमाम तेव्हा मुंबईत होता.

मुस्तअलीच्या बाजूला, म्हणजे बोहऱ्यांतही, तोवर फूट पडून गेली होती. त्यांचा इमाम बाराव्या शतकापासून अज्ञातवासात आहे अशी श्रद्धा असल्याने कारभार ‘दाई’ पाहतो, आणि दाईचीही नेमणूक नस्सनेच होते. सव्विसावे दाई दाऊद बिन अजबशाह गुजरातेत वारले. बहुतेक भारतीय बोहऱ्यांनी दाऊद बिन कुतुबशाह यांना मानले. येमेनमधल्या सुलेमान बिन हसन यांनी मात्र नेमणूक आपली असल्याचा दावा केला. हा तंटा अकबर बादशहापर्यंत गेला आणि १५९७ मध्ये निकाल दाऊद यांच्या बाजूने लागला. दाऊदी आणि सुलेमानी ही नावे तेव्हापासूनची. सुलेमानी संख्येने फार थोडे राहिले. पण १८८७ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष झालेले आणि मुंबई उच्च न्यायालयात न्यायाधीश असलेले बद्रुद्दीन तय्यबजी त्यांच्यातलेच.

खोजांची हकिगत अधिक गुंतागुंतीची आहे. सिंध-कच्छमधल्या लोहाणा व्यापाऱ्यांना निझारी पंथात आणण्याचे श्रेय परंपरेने पीर सदरुद्दीन यांना दिले जाते. त्यांच्या पंथाची भजने म्हणजे गिनाने. ती स्थानिक भाषांत होती आणि खोजकी लिपीत लिहिली जात. ‘दशावतार’ या ग्रंथात विष्णूचे नऊ अवतार परिचितच आहेत, दहावा मात्र अली. जमातखान्यात मुखी आणि कामडिया हे दोन पंच असत, उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा ‘दसोंद’ म्हणून गोळा होई आणि इराणातल्या इमामाकडे जाई. लग्ने आणि मर्तिके मात्र सुन्नी काझी करत. मुलींना बापाच्या मालमत्तेत वाटा हिंदू रूढीप्रमाणेच मिळत नसे. १८४७ मध्ये हिरबाई आणि सोनाबाई यांचा खटला मुंबईच्या सुप्रीम कोर्टात आला तेव्हा सर अर्स्किन पेरी यांनी कुराणाऐवजी जमातीच्या या रूढीला मान्यता दिली. तेव्हा खोजा म्हणजे नेमके कोण, हिंदू वळणाचे मुसलमान, सुन्नी की शिया, हा प्रश्न जमातीत कोणी फारसा विचारत नव्हते. तो विचारायची वेळ पैशामुळे आली.

१८२९ मध्ये हबीब इब्राहिम या व्यापाऱ्याच्या घरच्यांनी आणि त्यांच्या साथीदारांनी दसोंद द्यायचे नाकारले. इराणातून इमामाने वसुलीसाठी माणसे पाठवली, त्यांत त्याची आजीही होती. कोर्टात दावा दाखल झाला आणि मागेही घेतला गेला. नकार देणाऱ्या गटाला ‘बारभाई’ म्हणू लागले. (मराठी कानाला हे नाव पुण्याच्या कारस्थानाची आठवण करून देईल, पण त्याचा याच्याशी काही संबंध नाही.) बारभाईंना जातीबाहेर टाकण्यात आले आणि १८३५ मध्ये, थकलेली रक्कम भरल्यावर, परत घेतले गेले.

इमाम लांब होता तोवर वाद दबलेला राहिला. पण हसन अली शाह, म्हणजे पहिले आगाखान, यांचे इराणच्या कजर दरबाराशी बिनसले. १८१७ मध्ये त्यांच्या वडिलांना यझ्द गावात जमावाने मारले होते. त्याची भरपाई म्हणून शहाने मुलाला आगाखान ही पदवी आणि आपली मुलगी दिली. पुढच्या शहाने करमानची सुभेदारी दिली, पण ती काढूनही घेतली. आगाखानांनी बंड केले, ते फसले आणि १८४१ मध्ये ते अफगाणिस्तानात आले. तिथे आणि नंतर सिंधमध्ये त्यांनी इंग्रजांना मदत केली. फेब्रुवारी १८४६ मध्ये ते मुंबईत पोचले. इराण सरकारच्या आग्रहावरून इंग्रजांनी त्यांना काही काळ कलकत्त्याला ठेवले. १८४८ च्या अखेरीस ते परतले आणि मुंबईतच स्थायिक झाले. घोड्यांचा तबेला, शर्यती आणि माझगावचा बंगला, असा त्यांचा संसार होता.

ज्या इमामाचे नुसते नाव ऐकले होते तो शेजारच्या मोहल्ल्यात राहायला आला, तेव्हा जमातीच्या पैशावर आणि पंचांच्या नेमणुकीवर हुकूम कोणाचा हा प्रश्न टाळता येईना. बारभाईंचा गट पुन्हा उठला. १८५० मध्ये माहीमच्या जमातखान्यात त्यांच्यातल्या चौघांचा खून झाला. आगाखानांच्या अनुयायांवर खटला चालला आणि चौघांना फाशी झाली. १८६१ मध्ये आगाखानांनी एक कागद फिरवला. त्यावर सही करणाऱ्याने आपण शिया इमामी इस्माइली आहोत आणि विवाह-मर्तिकेही त्याच रीतीने करू असे मान्य करायचे होते. बहुसंख्यांनी सह्या केल्या. मोजक्यांनी उलट भूमिका घेतली: पीर सदरुद्दीन सुन्नी होते, खोजा सुन्नीच आहेत, आणि जमातखाना, दफनभूमी व तिजोरी या जमातीच्या मालकीच्या गोष्टी आहेत, इमामाच्या नव्हेत. या सुधारक गटात धरमसी पुंजाभाई यांच्यासारखे बडे व्यापारी होते. त्यांनी पुढे कुर्ल्याला काढलेली गिरणी १८८६ मध्ये जमशेटजी टाटांनी विकत घेतली, ती स्वदेशी मिल.

त्या दशकातली मुंबई अशा खटल्यांची भुकेली होती. १८६२ मध्ये वैष्णव महाराजांच्या अब्रुनुकसानीचा खटला गाजला होता. करसनदास मुळजी त्यात प्रतिवादी होते आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांची साक्ष झाली होती. तो ऐकणाऱ्या न्यायाधीशांपैकी सर जोसेफ अर्नोल्ड यांच्यापुढेच १८६६ मध्ये सुधारक खोजांचा दावा आला. उच्च न्यायालयाची आजची इमारत अजून उभी राहायची होती. कोर्ट फोर्टमध्ये अपोलो स्ट्रीटवर भरे. वादी पक्षाचे वकील अँस्टी, आगाखानांच्या बाजूने हॉवर्ड. वादींची मुख्य भिस्त व्यवहारावर होती: आमची लग्ने सुन्नी काझी लावतो, आमच्या मयतावर सुन्नी मुल्ला नमाज पढतो, मग आम्ही शिया कसे? हॉवर्ड यांचे उत्तर इतिहासावर उभे होते. ही तकय्या होती, सुन्नी सत्तेच्या काळात जीव वाचवण्यासाठी पांघरलेले पांघरूण. खरी श्रद्धा पाहायची असेल तर ती दशावतारात पाहा, इराणच्या यात्रांत पाहा, दसोंदच्या वह्यांत पाहा.

१२ नोव्हेंबर १८६६ च्या निकालपत्रात अर्नोल्ड यांनी हीच बाजू उचलून धरली. प्रेषितांच्या मृत्यूपासून सुरुवात करून फातिमी खलिफा, निझार, हसन सब्बाह, अलमूत, हुलागूची स्वारी असा सगळा प्रवास त्यांनी मांडला. मृत्युशय्येवरच्या खोजाला दशावतार वाचून दाखवतात, या गोष्टीला त्यांनी मोठे महत्त्व दिले. निष्कर्ष असा: खोजा हे मूळचे हिंदू, पीर सदरुद्दीन यांनी शिया इमामी इस्माइली पंथात आणलेले, आगाखान हे अलमूतच्या इमामांचे वंशज आणि खोजांचे वंशपरंपरागत इमाम, सुन्नी झालेल्यांचा जमातीच्या मालमत्तेवर हक्क नाही. एका इंग्रज न्यायाधीशाने वाद मिटवण्यासाठी आठशे वर्षांची वंशावळ ग्राह्य धरली. हे काम इतिहासकाराचे की न्यायाधीशाचे, याबद्दल मतभेद होऊ शकतात, परिणामाबद्दल नाही. तोवर खोजांत एकाच घरात दोन-तीन रीती गुण्यागोविंदाने नांदत होत्या. निकालानंतर प्रत्येकाला आपली पाटी लावावी लागली. हरलेला गट बाहेर पडून सुन्नी खोजा झाला.

पहिले आगाखान १८८१ मध्ये वारले. त्यांची कबर माझगावला हसनाबादेत आहे. त्यांचे पुत्र दुसरे आगाखान १८८५ मध्ये पुण्यात वारले आणि सात वर्षांचे सुलतान मुहम्मद शाह इमाम झाले. पुण्याचा आगाखान पॅलेस त्यांनीच बांधला; महात्मा गांधी तिथे १९४२ ते १९४४ स्थानबद्ध होते आणि कस्तुरबा तिथेच वारल्या. याच काळात आणखी एक गट तुटत होता. १८७३ मध्ये करबलाहून मुल्ला कादिर हुसेन मुंबईत आले आणि डोंगरीत इस्ना अशरी शिकवण देऊ लागले. काही खोजांना ती पटली, छळ सोसूनही ती टिकली आणि विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी पाला गल्लीत त्यांची स्वतंत्र मशीद व जमात उभी राहिली.

त्यांना बळ मिळाले ते इमामाच्याच घरातून. तिसऱ्या आगाखानांची चुलत बहीण हाजीबीबी यांनी १९०५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. अनुयायांकडून येणारी भेट ही पहिल्या आगाखानांच्या कुटुंबाची सामाईक मिळकत आहे, तिच्यात आपला वाटा आहे, आणि शिवाय आगाखानांचे घराणे मुळात इस्ना अशरीच आहे, असे त्यांचे म्हणणे. भाऊबंदकी आणि पंथभेद एकाच फिर्यादीत इतक्या सरळपणे क्वचितच येतात. १९०८ मध्ये न्यायमूर्ती रसेल यांनी दावा फेटाळला: भेट इमामाला इमाम म्हणून दिली जाते, ती त्याची स्वतःची, भावंडांचा तीत हिस्सा नाही. निकालाने आगाखानांचे आर्थिक स्थान भक्कम केले, पण त्यानंतर बरीच कुटुंबे इस्ना अशरी जमातीत गेली. महंमद अली जीना यांचे घराणे मूळचे इस्माइली खोजा, ते स्वतः इस्ना अशरी झाले. त्यांच्या पत्नी रत्ती यांना १९२९ मध्ये माझगावच्या इस्ना अशरी दफनभूमीत पुरण्यात आले. अशा रीतीने खोजांचे तीन भाग झाले. मध्य मुंबईत कापडगिरण्या चालवणाऱ्या करीमभाई इब्राहिम यांच्यासारख्या खोजा घराण्यांची पत मात्र बाजारात होती, आणि बाजाराने कोणाची वंशावळ विचारली नाही.

दाऊदी बोहऱ्यांचे भांडणही कोर्टात आले, पण ते वेगळ्या दिशेने गेले. १८४० मध्ये सेहेचाळिसावे दाई तरुणपणी अचानक वारले आणि त्यांनी नस्स केला होता की नाही, याबद्दल विद्वानांत कुजबुज सुरू झाली. ती पुढे तीन पिढ्या चालली. १९१७ मध्ये फोर्टमधल्या चंदाभाईंच्या दर्ग्यातल्या दानपेटीचा, म्हणजे गल्ल्याचा, खटला उभा राहिला. पुढाकार सर आदमजी पीरभाई यांच्या मुलांचा होता. माथेरानची छोटी गाडी ज्या घराने बांधली ते हे घर. दाई सैयदना ताहेर सैफुद्दीन हे कोणालाही जाब देण्यास बांधील नाहीत, अशी त्यांच्या बाजूची भूमिका होती. न्यायमूर्ती मार्टेन यांनी १९२१ मध्ये दाईपद मान्य केले, पण गल्ल्याच्या पैशाचे ते विश्वस्त आहेत असे ठरवले. खोजांच्या निकालात इमाम पैशाचा मालक ठरला होता, बोहऱ्यांच्या निकालात दाई विश्वस्त ठरला. एकाच शहरातल्या एकाच कोर्टाचे हे दोन निकाल शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत.

विरोध करणाऱ्यावर बहिष्कार टाकण्याचे हत्यार दाईंच्या हाती राहिले. मुंबई राज्याने १९४९ मध्ये कायदा करून बहिष्कार बेकायदा ठरवला. सैयदनांनी त्याला आव्हान दिले आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने तो कायदा रद्द केला. पंथाची एकजूट राखण्यासाठी बहिष्कार हा धर्माचा भाग ठरू शकतो, असे बहुमताने म्हटले. महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध नवा कायदा केला. १९६२ च्या निकालाचा फेरविचार २०२३ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवण्यात आला.

१७ जानेवारी २०१४ रोजी बावन्नावे दाई सैयदना मोहम्मद बुऱ्हानुद्दीन मलबार हिलला वारले. त्यांना भेंडीबाजारातल्या रौदत ताहेरात वडिलांशेजारी पुरण्यात आले. या संगमरवरी मकबऱ्याच्या आतल्या भिंतींवर संपूर्ण कुराण कोरलेले आहे. त्यांचे पुत्र मुफद्दल सैफुद्दीन यांनी सूत्रे घेतली. सैयदनांचे सावत्र भाऊ खुझेमा कुतबुद्दीन हे १९६५ पासून दाईंच्या खालोखालच्या माझून या पदावर होते. डिसेंबर १९६५ मध्ये भावाने आपल्याला एकांतात नस्स केला होता, असा दावा त्यांनी केला. साक्षीदार नव्हते, गुप्ततेची सूचना होती, असे त्यांचे म्हणणे. पुतण्याच्या बाजूने १९६९, २००५ आणि जून २०११ मधल्या नेमणुकांचा पुरावा पुढे आला. कुतबुद्दीन २०१६ मध्ये वारले आणि दावा त्यांचे पुत्र ताहेर फखरुद्दीन यांनी पुढे चालवला.

२३ एप्रिल २०२४ रोजी न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी दावा फेटाळला. १९६५ चा नस्स सिद्ध होत नाही, प्रतिवादीच्या बाजूचा सिद्ध होतो, असे त्यांनी ठरवले. आपण निर्णय पुराव्यावर दिला आहे, श्रद्धेवर नाही, हेही त्यांनी स्पष्ट केले. जमातीतला फार मोठा वर्ग मुफद्दल सैफुद्दीन यांनाच दाई मानत होता आणि मानतो. फखरुद्दीन यांचे अनुयायी संख्येने थोडे असले तरी त्यांनी आपला वेगळा दाई सोडलेला नाही.